मुंजाजीचा प्रायव्हेट नंबर

दोन हजार चोवीस साल. माझं वय तेव्हा एकाहत्तर. आधार कार्डावर चौऱ्याहत्तर आहे, पण ते कार्डवाल्यानं टाकलं, मी नाही. त्या उन्हाळ्यात एका सकाळी मुंजाजी फाटकवाला माझ्या दारात येऊन उभा राहिला. अकरा वर्षं आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो. घराला घर लागून, मधे फक्त बोराटीचं कुंपण, पण तोंडं उलट्या दिशेला. आणि आला तो कसा, तर अंगात रेल्वेचा जुना निळा सदरा, पायात बूट आणि हातात लाल झेंडी.

"मल्हाऱ्या," तो म्हणाला, "माझी कंपनी बंद पडायली."

"तुझी कुठली रे कंपनी? तू तर फाटकवाला."

"तेच तर सांगायलोय. बसू दे आदी."

मी बसू दिलं. लाल झेंडी घेऊन आलेल्या माणसाला हाकलून देता येत नाही, काय सांगावं मागून गाडी असायची.

आता हा मुंजाजी कोण, ते आधी सांगतो. पेडगावच्या अलीकडं रुळावर एक फाटक होतं. त्या फाटकावर त्यानं बत्तीस वर्षं काढली. मग तिथं रुळाखालून रस्ता झाला आणि फाटक काढून टाकलं. त्या रस्त्यात पावसाळ्यात म्हशी पोहतात, पण तो विषय वेगळा. त्याच महिन्यात मुंजाजी रिटायर झाला. रिटायर झालेली माणसं पारावर बसतात, राजकारण बोलतात, जावयाला नावं ठेवतात. मुंजाजीनं काय केलं? एक लांब बांबू तोडला, त्याला लाल-पांढरे पट्टे मारले, एका टोकाला दगड बांधला आणि आपल्या अंगणाच्या तोंडाला फाटक उभं केलं.

गाडी आली की तो बांबू खाली पाडतो. रूळ घरापासून अर्धा कोस, मधे तुरीची शेतं. थांबवायला कुणी नाही, पण जो कुणी त्या वेळेला दारात असेल तो थांबतो. एकदा निवडणुकीला उभा राहिलेला एक जण दहा माणसं घेऊन मतं मागायला आला. हात जोडलेले, तोंडावर हसू. मुंजाजीनं बांबू पाडला. मालगाडी लय लांब होती. दहा मिनिटं तो गडी हात जोडून उन्हात उभा, हसू सुकून गेलं. शेवटी म्हणाला, "मामा, आमी जाऊ का?" मुंजाजी म्हणाला, "गार्डाचा डबा दिसू द्या." त्याचे स्वतःचे व्याही पूर्णेहून आले, तर तेही पेढ्याचा पुडा हातात धरून बांबूच्या बाहेर. "व्याही असले म्हनून काय गाडी थांबती व्हय?" हे वरून ऐकवलं.

अंगणात खाट टाकून बसला की तळपायानं त्याला गाडी कळते. बोलता बोलता एकदम गप होतो, पाय जमिनीला टेकवतो आणि म्हणतो, "यायलीय." मग उठून बांबू, मग हिरवी झेंडी. लांब तुरीच्या पलीकडून गाडी निघून जाते. एखादा ड्रायव्हर शिट्टी मारतो. ती शिट्टी आपल्यालाच आहे असं मुंजाजीचं म्हणणं. नसेल असं माझं म्हणणं होतं, पण अकरा वर्षं बोलणं नसल्यामुळं ते सांगायचं राहून गेलं.

त्याच्या तोंडात एकच शब्द, "नियम". आणि सगळ्या नियमांचा राजा म्हणजे प्रायव्हेट नंबर. हे समजून घ्या, पुढं लागणार आहे. गाडी यायची झाली की स्टेशन मास्तर फाटकावर फोन करायचा, फाटक बंद कर. फाटकवाला बंद करायचा आणि आपल्या वहीतला एक नंबर मास्तरला सांगायचा. मास्तर तो लिहून घ्यायचा. नंबर दिला म्हणजे फाटक खरंच बंद, मग गाडी सुटायची. हा नंबर मास्तर सोडून दुसऱ्या कुणाला सांगायचा नाही. वापरला की त्यावर काट. मुंजाजीची बायको, देवाघरी गेली बिचारी, तिनं एकदा गमतीनं विचारलं होतं की आज कोणता नंबर दिला हो. हा गडी दोन दिवस फाटकावरच जेवला. बाई आमच्या घरी येऊन हसत सांगायची, "असा नवरा हाय. चोराला बी सांगनार न्हाई, अन् मला बी."

मुंजाजीला एकच पोरगी, सुमन. जावई फौजेत. दर दोन-अडीच वर्षांनी त्यांची बदली, कधी बर्फात, कधी वाळवंटात. दर बदलीला नवा पत्ता, कधी नवा फोन, आणि कधी फोन लागतच नाही. आणि लागला तरी काय? मुंजाजी फोनवर तीनच शब्द बोलतो. "हां. बरं. ठेव." बत्तीस वर्षं नंबर सांगून फोन ठेवायची सवय. म्हणून पोरीनं शक्कल काढली. इंटरनेटवर त्याचं एक पान करून दिलं, आणि त्या पानाला नाव घेतलं, मुंजाजी फाटक डॉट इन. म्हणाली, "दादा, बोलू नका. रोज सकाळी इथं दोन ओळी लिवा. मी जिथं असंल तिथं वाचीन."

तेव्हापासून हा माणूस रोज पहाटे पाचला त्या पानावर लिहितो. सुरुवात ठरलेली, "फाटक उघडं हाय." म्हणजे मी जिवंत आहे. मग पुढं दिवसाची बातमी. मी काही ते पान बघत नव्हतो, मला काय काम? पण लोक सांगतात त्यावरून माहीत आहे. "आज भाकरी करपली. खालची बाजू." "पॅसेंजर वीस मिनिटं लेट." "गुडघा दुखायलाय, डावा." "मल्हारीच्या मेंढ्यानं कुंपण खाल्लं, पन आपन बोलत न्हाई." हे शेवटचं साफ खोटं. कुंपण वाळवी लागून पडलं होतं.

त्या नावाचा त्याला एवढा अभिमान की भांडीवाल्याकडं बसून त्यानं घरातल्या सगळ्या भांड्यांवर ते कोरून घेतलं. आपण भांड्यावर आपलं नाव घालतो, त्यानं हे घातलं. तांब्यावर, परातीवर, उलथन्यावर. गावात कुणाचंही लग्न असो, याचा आहेर ठरलेला, एक स्टीलचा पेला, त्यावर मुंजाजी फाटक डॉट इन. अर्धं पेडगाव त्या पेल्यातून पाणी पितं.

आता आमचा अबोला कशावरून, तेही सांगून टाकतो. फाटक जायच्या शेवटच्या महिन्यात मी मेंढरं घेऊन रूळ ओलांडत होतो. मेंढ्या पुढं, कोकरं मागं, आणि मी मेंढ्यांबरोबर. मेंढ्या पार झाल्या आणि या बाबानं मधूनच फाटक पाडलं. एकोणतीस कोकरं त्याच्या बाजूला राहिली. वर मालगाडी आली ती पुढं सिग्नल नाही म्हणून तिथंच उभी राहिली. तासभर! इकडं मेंढ्या ओरडतात, तिकडं कोकरं ओरडतात, मधे कोळशाचे डबे. एखादं कोकरू डब्याखालून आईकडं निघालं तर संपलंच. मी डब्यांच्या फटीतून मुंजाजीच्या सात पिढ्या काढल्या. पलीकडून एकच शब्द आला, "नियम!" गाडी हलली तेव्हा मोजून बघितली, एकोणतीस भरली. पण त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोललो नाही. मी एकदा नाही म्हटलं की नाही. आमच्या घराण्यात तसंच आहे, माझ्या बापानं एका ओढ्याशी वैर धरलं होतं.

तर अशी ही पार्श्वभूमी आणि दारात लाल झेंडी.

माझी सून मंगल बारावी शिकलेली. गावात लोकांचे ऑनलाईन फॉर्म भरून द्यायचं तिचं दुकान आहे. तिनं मुंजाजीच्या फोनवरचं पत्र वाचलं आणि उलगडून सांगितलं.

"मामा, मुंजाजीकाकाचं पान ऱ्हायलं बाजूला. पन त्या पानाचं जे नाव हाय ना, ते एका कंपनीच्या दप्तरात लिवलेलं असतंय की हे नाव यांचं. ती कंपनी बंद व्हायली. त्यांनी कळवलंय, वीस दिवसांच्या आत दुसरी कंपनी बघा अन् तुमचं नाव तिकडं न्या."

"अन् न्हाई नेलं तर?" मी विचारलं.

"मग सुटलं समजा. कुनीबी घेईल."

मला एका दमात कळलं. आमच्या मेंढरांच्या कानाला खूण असते. प्रत्येक घराची कापायची रीत वेगळी. माझी उजव्या कानाला खालून तिरपी चीर. पूर्वी कुणाची खूण कोणती हे गावातला एक म्हातारा ध्यानात ठेवायचा. नव्या माणसानं खूण धरायची तर त्याला विचारून. तो म्हातारा गेला आणि दोन वर्षं नुसती भांडणं. मी म्हणालो, "खून तीच ऱ्हाती, खून ध्यानात ठेवनारा बदलायचा."

मंगल माझ्याकडं बघतच राहिली. "मामा, आमच्या सरांना बी एवढं नीट सांगता आलं न्हवतं."

मी तिसरी पास आहे. चौथीत गुरुजींचं आणि माझं पटलं नाही, नाहीतर पुढं गेलो असतो.

"दुसरं नाव घे की सोपं," मी मुंजाजीला मुद्दाम डिवचलं.

तो एकदम उभा राहिला. "दुसरं? पोरगी कुठंबी असू दे, तिला हे एकच नाव पाठ हाय. तिचा पत्ता दर दोन वर्षाला बदलतो, मल्हाऱ्या. दोघांचा बदलून कसं भागंल? एकानं तर जाग्यावर ऱ्हावं का न्हाई?"

मी त्याला खाली बसवलं. मग विचारलं, "पन माझ्याकडं कामून आला? अकरा वर्सं तोंड न्हाई बघितलं."

"तुला जनावराची पारख हाय," तो खाली बघत म्हणाला. "कंपनी पारखून दे."

आता असं कुणी म्हटल्यावर काय करणार? गावातल्या कुणालाही विचारा, परभणीच्या बाजारात मी हात लावलेलं बकरं कधी वाया गेलं नाही.

मंगलनं तीन कंपन्या काढून दिल्या. तिच्या दुकानात तिघं बसलो, फोन मोठ्या आवाजावर. मंगल म्हणाली, "कोनती किती घेती ते मी लिवून काढलंय." मुंजाजीनं हात वर केला. "स्वस्तातला फाटकवाला कुनी ठिवला का कधी? ते बोलू नको. मला मानूस बघू दे."

पहिल्या कंपनीत एक बाई लागली. "हिंदीसाठी दोन दाबा," असं म्हणाली.

"राम राम बाई," मुंजाजी म्हणाला. "आदी माझं ऐक. मी पेडगावहून बोलायलोय..."

"मागील सूचना पुन्हा ऐकण्यासाठी..."

"बाई, सूचना मग दे. आदी ऐक की."

ती ऐकेना. मंगल सांगतेय काका ते टेप आहे, पण याचं चालूच. चार वेळा राम राम घातला. शेवटी फोन बंद करून म्हणाला, "हिला दुसऱ्याचं ऐकायची सवय न्हाई. हे स्थळ नको."

दुसऱ्या कंपनीत माणूस लागला. तरणा गडी, हिंदी बोलणारा, गोड. "जी सर, बिलकुल सर." काहीही विचारा, बिलकुल. माझी पाळी आली. मी विचारलं, "तुमची कंपनी किती दाती हाय?" जनावराचं वय दातावरून कळतं, म्हणून. तो म्हणाला, "बिलकुल सर." मी मंगलकडं बघून मान हलवली. पण मुंजाजीला अजून खात्री करायची होती. त्यानं त्याच्या तुटक्या हिंदीत विचारलं, "गाडी आनेवाली है, और सायब बोलता है मेरेकू घाई है, फाटक खोल. तुम खोलेगा क्या?"

"बिलकुल खोलेंगे सर!"

मुंजाजीचा चेहरा पांढरा पडला. फोन त्यानं विंचवासारखा खाली टाकला. "लेकाचा मानसं मारंल," म्हणाला, आणि पाणी मागितलं.

तिसऱ्या कंपनीत एक बाई लागली, मराठी बोलणारी. आवाजावरून दमलेली वाटली. मुंजाजीनं तिला सरळ विचारलं, "उद्या तुमची बी कंपनी बंद पडली तर माझ्या नावाचं काय?"

ती म्हणाली, "काका, खरं सांगू? मला माहीत नाही. विचारून सांगते. सव्वाचारला फोन करू?"

मी फोनकडं हात झटकला. म्हणालो, "हिला तर कायच ठाऊक न्हाई."

पण मुंजाजीचे डोळे चमकले. "मल्हाऱ्या, बत्तीस वर्सांत मला एकच मास्तर खरा भेटला. बाकीचे म्हनायचे, गाडी निघाली असंल. तो म्हनायचा, माहीत न्हाई, विचारून सांगतो. मानसं वाचतात ती अशा मानसामुळं."

चारपासून तो मनगटावरचं घड्याळ डोळ्यापुढं धरून दुकानाबाहेर उभा. सव्वाचार वाजले आणि फोन वाजला. एक मिनिट इकडं नाही, तिकडं नाही. बाई म्हणाली, "काका, विचारलं. आम्ही बंद झालो तरी नाव तुमचंच राहतं. सगळ्या कंपन्यांच्या वर एक मोठं दप्तर असतं, तिथं तुमची नोंद आहे. तुम्हाला आधी कळवू, आणि तुम्ही आत्तासारखंच दुसरीकडं नेऊ शकाल."

"तुमची कंपनी किती दाती?" मी मधेच विचारलं.

"म्हणजे काय आजोबा?"

"किती वर्सांची?"

"चौदा."

"जुळली," मी मुंजाजीला म्हणालो. म्हणजे दात पुरे आले. स्थळ ठरलं.

इथं गोष्ट संपायला पाहिजे होती. पण मुंजाजी तो मुंजाजी.

मंगल म्हणाली, "काका, जुन्या कंपनीत तुमच्या नावाला कुलूप हाय, ते काढावं लागंल. मग ते एक गुप्त नंबर पाठवतील. तो नंबर नव्या कंपनीला दिला की झालं."

मुंजाजीनं दोन्ही हात कानावर ठेवले. "गाडी यायली असताना कुलूप काढू? फाटक उघडं टाकू?"

तीन दिवस त्याला समजावण्यात गेले. शेवटी मीच म्हणालो, बाबा, मेंढरू एका कळपातून दुसऱ्या कळपात न्यायचं तर दावं सोडावंच लागतं की. तेव्हा कुठं ऐकलं. कुलूप निघालं. नंबर आला. अक्षरं, आकडे, चिन्हं, सगळं मिसळलेलं लांबलचक. मुंजाजीनं तो कागदावर उतरवून घेतला, घरी नेला, पाठ केला. फोनवरचा पुसून टाकला. आणि कागद खाऊन टाकला.

हो, खाल्ला. चटणीबरोबर. नियम.

दुसऱ्या दिवशी मंगल नव्या कंपनीचं पान उघडून बसली. "सांगा काका."

"काय?"

"नंबर."

"तुला? तू काय स्टेशन मास्तर हाय?"

"काका, मीच तर भरनार हाय!"

"प्रायव्हेट नंबर हाय बाई तो. माझ्या बायकोला म्या सांगितला न्हाई."

तिनं स्वतः टाईप करायला सांगितलं, तर म्हणाला नंबर तोंडानं द्यायचा असतो, बोटानं नाही. पोरीनं तिकडून निरोप धाडला की दादा, मला सांगा, मी करते. हा म्हणाला, तीही मास्तर नाही. मंगल बोलली, मी बोललो, मंगल रडकुंडीला आली. असे आठ दिवस गेले. तारखेला पाच-सहाच दिवस उरले, आणि नाव हलायलाही तेवढेच लागणार होते. मुंजाजीचा खुराक तुटला. पानावरही एकच ओळ येऊ लागली, "फाटक उघडं हाय." खाली भाकरी नाही, गुडघा नाही. लोक सांगत होते.

तो हट्टानं करत नव्हता. हट्ट मला कळतो, मी हट्टातच वाढलो. त्याला सांगायचं होतं, पण तोंडातून निघत नव्हतं. बत्तीस वर्षं जी जीभ एका माणसासाठीच उघडली, ती दुसऱ्यासाठी कशी उघडणार?

म्हणून मी डोकं लढवलं. मंगलला आमच्या मागच्या खोलीत बसवलं. समोर टेबल, टेबलावर वही, माझी पांढरी टोपी तिच्या डोक्यावर. ती म्हणाली, "मामा, हे काय?" मी म्हणालो, "तू आता मास्तर. हसलीस तर बघ." मग मी मुंजाजीला त्याच्या अंगणात बांबूपाशी उभं केलं आणि त्याचा फोन त्याच्या हातात दिला. फोन वाजला.

"हॅलो," मंगलचा आवाज आला, जाड केलेला. "पेडगाव स्टेशन मास्तर बोलते. फाटक बंद झालं का?"

काय सांगू तुम्हाला. मुंजाजीची पाठ सरळ झाली. टाचा जुळल्या. त्यानं बांबू खाली पाडला, दोन्हीकडं बघितलं आणि छाती काढून बोलला, "फाटक बंद साहेब!"

"नंबर द्या."

"नंबर घ्या साहेब. मोठा के. सात. लहान पी. शिडीसारखं चिन्ह. नऊ. नऊ. मोठा टी..." कुठं अडखळला नाही. एवढा लांब नंबर, शेवटपर्यंत. मंगलनं नियमाप्रमाणं तो परत वाचून दाखवला. "बराबर साहेब," तो म्हणाला, आणि फोन ठेवून निथळता घाम पुसला. "मास्तर नवा वाटला," मला म्हणाला. "पन बोलनं खनखनीत हाय."

त्याला माहीत होतं का, ती मंगल आहे? अर्थात माहीत होतं. पण मास्तरनं विचारलं होतं, नियमानं विचारलं होतं. तेवढं त्याला पुरलं.

पुढचे पाच दिवस तो फोन खाटेवर ठेवून राखणीला बसला. डाव्या हाताला लाल झेंडी, उजव्या हाताला हिरवी. कुणी बोलायला आलं की लाल दाखवायचा. पाचव्या दिवशी दुपारी मंगल धावत आली. "काका, आलं! नाव आलं नव्या कंपनीत!" मुंजाजी उठला, बांबू वर केला आणि हिरवी झेंडी हलवली. बराच वेळ हलवत होता. गाडी कुठंच नव्हती.

संध्याकाळी त्यानं मला चहाला बोलावलं. त्याच कोरलेल्या पेल्यात चहा. अकरा वर्षांत पहिल्यांदा मी त्या बांबूच्या आत गेलो. त्यानं पान उघडून माझ्यापुढं धरलं, सगळं जसंच्या तसं. खाली कोपऱ्यात दोनचा आकडा होता.

"ह्यो आकडा कशाचा?" मी विचारलं. मला आपलं वाटायचं गाडीचा काही नंबर असेल.

"आज किती जन पान बघून गेले, त्येचा," मुंजाजी म्हणाला. "रोज दोनच येतात. वर्सानुवर्सं दोन. एक पोरगी. ती कवाबी येती, तिकडं टावर लागला की."

"अन् दुसरा?"

त्यानं पेला फिरवला. "दुसरा कोनतरी रिकामटेकडा हाय. सकाळी साडेपाचला येतो. पलीकडं कुंपनाच्या आडून खोकल्याचा आवाज येतो, कवाड वाजतं, अन् मग आकडा वाढतो. एक दिवस चुकत न्हाई."

मी चहाचा घोट घेतला. चहा बरा होता, साखर जास्त.

"मागच्या साली तो आठ दिवस आला न्हाई," मुंजाजी म्हणाला. "परभनीच्या दवाखान्यात व्हता म्हनं, छातीत पानी झालतं. आठ दिवस आकडा एक. म्या काय सांगू, मल्हाऱ्या. पोरीला तर कुनीबी नवं नाव कळवलं असतं, पत्रानं, फोननं. पन त्या रिकामटेकड्याला कोन कळवनार? त्येचं अन् माझं बोलनं न्हाई."

अंधार पडायला लागला होता. मी उठलो. "जातो," म्हणालो. "मेंढरं यायचीत." मेंढरं केव्हाच आली होती. त्यालाही ते दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेपाचला मी उठलो, खोकलो, कवाड उघडलं. फोन उशाशीच राहू दिला. कुंपणाला वळसा घालून मुंजाजीच्या अंगणाशी गेलो. बांबू खाली होता. हा पलीकडं निळा सदरा घालून उभा. लांब तुरीच्या रिकाम्या शेतांमागं पॅसेंजर चालली होती, मी निमूट थांबलो. गाडी गेली. तरी तो बांबू वर करेना.

"उघड की," मी म्हणालो.

"मास्तरनं विचारल्याबिगर कसं उघडू?"

मी डोक्यावरची टोपी नीट केली. "नंबर दे," म्हणालो.

त्यानं वही बघितली नाही. माझ्याकडं बघून म्हणाला, "एकोणतीस."

कोकरं किती ते मी त्याला कधी सांगितलं नव्हतं, आणि मालगाडीच्या पलीकडं त्या दिवशी तो तासभर काय करत होता, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

"एकोणतीस," मी परत म्हणून दाखवलं. "बराबर."

त्यानं बांबू वर केला, आणि मी आत गेलो.